कार्बोरेटरच्या मारुती ८०० ला घरी टर्बो: आधी पेट्रोलचं बघा, मग टर्बोचं

प्रश्न असा आला आहे: घरात १९९७ ची मारुती ८०० आहे, कार्बोरेटरवाली, वडिलांनी जपून वापरलेली. सोलापुरात अक्कलकोट रोडला भंगारात डिझेल स्विफ्टचा टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) स्वस्तात मिळतोय. वेल्डिंग येतं, घरामागे शेड आहे. टर्बो घरच्या घरी बसवता येईल का, ताकद किती वाढेल आणि इंजिन टिकेल का?

बसवता येईल. इंजिन टिकेल की नाही हे मात्र टर्बोपेक्षा कार्बोरेटर आणि डेल्कोवर (प्लगला ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर) जास्त अवलंबून आहे. या कामात सगळ्यांचं लक्ष त्या गरगर फिरणाऱ्या भांड्याकडे असतं. पण फ्लँज, पाईप, नट-बोल्ट हे कुठल्याही बऱ्या वेल्डरला आणि टर्नरला जमणारं काम आहे. पिस्टन वितळतो तो दाब आल्यावर पेट्रोल कमी पडलं किंवा ठिणगी लवकर पडली म्हणून. त्यामुळे मी सगळ्यात जास्त त्याबद्दलच लिहिणार आहे.

आधी ताकदीचा हिशोब. तुमचं इंजिन एफ८बी, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, सहा व्हॉल्व्ह. नवं असताना ते साधारण ३७ बीएचपी देत होतं. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे इथे हवेचा दाब ०.९६ बारच्या जवळपास. त्यावर टर्बोने ०.३ बार चढवले (या वाढीव दाबालाच बूस्ट म्हणतात) तर १.२६ बार, म्हणजे १.३१ पट. कागदावर ३७ चे ४८ होतात. पण दाबलेली हवा तापते, टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घ्यावं लागतं, एक्झॉस्टला टर्बाइनची आडकाठी होते. हे सगळं वजा केलं की ४४ ते ४६ बीएचपी हातात पडतील. आता हे ऐका: तेवढ्याच ७९६ सीसीचं, पण बारा व्हॉल्व्हचं, एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनचं) इंजिन अल्टोत आलं, आणि ते टर्बोशिवाय ४६-४७ बीएचपी देत होतं. फक्त ताकदच हवी असेल तर चांगलं अल्टोचं इंजिन शोधा, आरटीओची परवानगी काढा, नवा इंजिन नंबर आरसीवर चढवा आणि निवांत गाडी चालवा. टर्बोवर होणाऱ्या खर्चात आणि डोकेदुखीत ते परवडतं.

पण प्रश्नाच्या सुरावरून दिसतंय की तुम्हाला हे स्वतःच्या हाताने करून बघायचं आहे. त्यात वावगं काही नाही. इंजिन कसं चालतं हे या कामाइतकं दुसरं कुठलं काम शिकवत नाही. तेव्हा पुढचं सगळं त्या हिशोबाने वाचा.

कायद्याचं एकदा स्पष्ट सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेपेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ खाली अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. तुमची गाडी १९९७ ची, म्हणजे दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला एमएच १३ च्या, म्हणजे सोलापूर आरटीओच्या मैदानावर न्यावीच लागणार आणि तिथे बॉनेट उघडलं जाणार. अपघात झाला तर विमा कंपनीही हात वर करू शकते. म्हणून हे काम शेतातल्या, खासगी आवारातल्या गाडीपुरतं ठेवा. तुळजापूरच्या घाटात जाऊन बूस्ट तपासायचा विचारही करू नका. आणि सगळ्यात बरं म्हणजे वडिलांची गाडी आहे तशी राहू द्या. आरसी रद्द झालेल्या गाडीचं एफ८बी भंगारातून उचला आणि त्यावर हात साफ करा.

आता मुद्द्याचं.

कार्बोरेटरला टर्बो जोडायच्या दोन पद्धती. एकीत कार्बोरेटर टर्बोच्या आधी बसतो आणि टर्बो त्यातून हवा-पेट्रोल दोन्ही ओढतो. शेवरोलेने १९६२ मध्ये कॉर्व्हेअर स्पायडरला असंच केलं होतं. बसवायला सोपं, कारण कार्बोरेटरवर दाब कधी येतच नाही. पण पेट्रोलची वाफ टर्बोतून आणि लांबलचक पाईपमधून जाते. इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) लावता येत नाही, कारण त्याच्या तळाशी पेट्रोल साचतं, आणि एखादा बॅकफायर आला तर तो अख्खा पाईप पेट्रोलच्या वाफेने भरलेला असतो. शिवाय थ्रॉटल बंद असताना टर्बोच्या तोंडाशी व्हॅक्यूम तयार होतो आणि डिझेलच्या टर्बोचं सील त्या बाजूला व्हॅक्यूमसाठी केलेलंच नसतं. त्यातून ऑइल आत ओढलं जातं, गाडी निळा धूर टाकते. डिझेलला थ्रॉटलची गरज नसते, म्हणून त्या टर्बोवर ही वेळ येत नाही. त्यामुळे तुमच्या हातातला टर्बो या पद्धतीला चालणारच नाही. तो विषय संपला.

दुसऱ्या पद्धतीत टर्बो फक्त हवा दाबतो, ती, इंटरकूलर असेल तर त्यातून थंड होऊन, कार्बोरेटरमध्ये ढकलली जाते. १९८० ची लोटस एस्प्री टर्बो, १९८५ ची रेनॉ ५ जीटी टर्बो या गाड्या अशाच. रेनॉचं इंजिन १३९७ सीसीचं, एकच सोलेक्स कार्बोरेटर, आणि ताकद ११५ च्या घरात. म्हणजे कंपन्यांनी हे करून विकलेलं आहे. मात्र त्यासाठी त्यांनी कार्बोरेटर खास बनवून घेतले होते, आणि इंजेक्शन स्वस्त झाल्यावर सगळ्यांनी हा नाद सोडला. का सोडला ते पुढे कळेल.

पहिली अडचण: कार्बोरेटर हवेचं वजन ओळखत नाही. व्हेंचुरीतून (कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून) हवा जोरात गेली की तिथला दाब पडतो आणि पडलेल्या दाबामुळे जेटमधून (मापाच्या बारीक भोकातून) पेट्रोल वर येतं. हवा दाट झाली की दाब जास्त पडतो खरा, पण पेट्रोल वाढतं ते हवेच्या घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. महाबळेश्वरला कार्बोरेटरची गाडी नेली की ती काळा धूर टाकते, प्लगवर काजळी धरते, हे तुम्ही पाहिलं असेल. हवा विरळ झाली तरी पेट्रोल त्या मानाने कमी होत नाही. टर्बोखाली नेमकं याच्या उलट घडतं. ०.३ बार बूस्ट आणि इंटरकूलरनंतर हवा वजनाने साधारण २३ टक्के वाढेल, पेट्रोल मात्र आपोआप ११ टक्केच वाढेल. मिश्रण पातळ होणार, आणि तेही ऐन लोडवर, जेव्हा ते घट्ट पाहिजे.

त्यात आता पंपावर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. पेट्रोल पूर्ण जळायला एक किलोला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ च. वीस टक्के मिसळलं की तो आकडा साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे १९९७ साली कंपनीने बसवलेले जेट आजच्या पेट्रोलवर टर्बो न लावताच सात-आठ टक्के कमी पडतात. बाहेरगावची जुनी पुस्तकं वाचून जेट निवडणारे इथेच फसतात. आणि बूस्टखाली नुसतं पुरेसं पेट्रोल चालत नाही, थोडं जास्तच लागतं. ते जास्तीचं पेट्रोल आतली उष्णता शोषतं. वाइडबँड मीटर (एक्झॉस्टवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगणारा) लावलात तर बूस्टमध्ये लॅम्डा ०.८० ते ०.८२ दिसला पाहिजे; लॅम्डा १ म्हणजे हवा अगदी पुरेशी, १ च्या खाली म्हणजे पेट्रोल जास्त. मीटर साध्या पेट्रोलच्या हिशोबाने हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवत असेल तर ११.८ ते १२.

बूस्ट, ई२० आणि हे जास्तीचं पेट्रोल, तिन्ही एकत्र धरले की लोडवर पेट्रोल २८ टक्क्यांच्या आसपास वाढवायला लागतं. जेटचं भोक एक मिलिमीटरचं असेल तर ते १.१३ करायला लागेल, कारण १३ टक्के व्यास वाढला की क्षेत्रफळ २८ टक्के वाढतं. पण दोन्ही बॅरलचे जेट वाढवू नका. मारुतीच्या कार्बोरेटरला दोन बॅरल आहेत. पहिलं रोजच्या चालीचं, दुसरं पाय दाबल्यावर उघडतं. बूस्ट येतो तेव्हा दुसरं उघडलेलं असतं, म्हणून मोठी वाढ दुसऱ्या बॅरलच्या जेटमध्ये करा आणि पहिल्यात फक्त ई२० पुरती. असं केलं तर सावकाश चालताना गाडी पेट्रोल पिणार नाही. जुने जेट फेकू नका, आणि तारेने भोक मोठं करू नका. ते कधीच गोल होत नाही. हातात धरायचा बारीक ड्रिल वापरा किंवा मापाचे जेट विकत घ्या.

दुसरी अडचण पहिलीपेक्षा मोठी आहे, आणि घरगुती टर्बोची इंजिनं सगळ्यात जास्त यातच गेलेली मी पाहिली आहेत. मारुतीचा एसी पंप, म्हणजे कॅमवर चालणारा पेट्रोलचा पंप, पाव बारच्या आसपास दाब देतो. कार्बोरेटरच्या बाऊलमध्ये (पेट्रोल साठणाऱ्या वाटीत) आता ०.३ बार बूस्ट उभा आहे. पाव बार ०.३ बारच्या विरुद्ध पेट्रोल ढकलू शकत नाही. बूस्ट आला की बाऊलमध्ये नवीन पेट्रोल येणं थांबतं, आणि बाऊलमध्ये असतं ते पाच-सात सेकंदांत संपतं. ४५-५० बीएचपी काढायला तासाला वीस लिटरच्या आसपास पेट्रोल लागतं, म्हणजे सेकंदाला पाच-सहा मिली. चालवणाऱ्याला काय जाणवतं? पहिले काही सेकंद गाडी मस्त ओढते, मग जरा ढिली पडते. तो पाय आणखी दाबतो. तेवढ्यात आत काम झालेलं असतं.

एक ओम्नी आमच्याकडे अशीच टोचन लावून आली होती. हेड उचललं तर मधल्या पिस्टनची एक्झॉस्टकडची कड उंदराने कुरतडल्यासारखी गेलेली, वरच्या दोन रिंगांमधली भिंत तुटून तिचा तुकडा बोअरमध्ये घासलेला, आणि हेडच्या चेंबरवर अ‍ॅल्युमिनियमचे बारीक गोळे चिकटलेले. बाकीचे दोन पिस्टन ठीक होते. टर्बोही ठीक होता. त्या गाडीला नवीन टर्बो, चकचकीत पाईप, बूस्टचा मीटर सगळं होतं. पंप मात्र मूळचा.

यावर उपाय असा. बाहेर इलेक्ट्रिक पंप, त्यापुढे बूस्टचा पाईप जोडलेला रेग्युलेटर, आणि जास्तीचं पेट्रोल टाकीत परत न्यायची लाइन. रेग्युलेटर असा पाहिजे की बूस्ट जितका वाढेल तितकाच पेट्रोलचा दाब वाढेल. रिकाम्या चालीला पाव बार, ०.३ बूस्टला ०.५५. इंजेक्शनच्या गाडीचा रेग्युलेटर चालत नाही, तो तीन बारवर बसलेला असतो आणि त्या दाबाने फ्लोटची नीडल (बाऊल भरला की पेट्रोल अडवणारी सुई) उघडीच राहते. एसी पंपाच्या श्वासाच्या भोकाला बूस्ट जोडून काम भागवणारे लोक आहेत. तत्त्व बरोबर आहे, पण पंचवीस वर्षांच्या रबराच्या पडद्यावर, तेही ई२० पिऊन फुगलेल्या, मी इंजिन टाकणार नाही. तो पडदा फाटला तर पेट्रोल थेट चेंबरमधल्या (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यातल्या) ऑइलमध्ये. इलेक्ट्रिक पंपाची वायर ऑइल प्रेशर स्विचच्या रिलेमधून घ्या, म्हणजे इंजिन बंद पडलं की पंपही बंद. गाडी उलटली आणि पंप चालूच राहिला तर काय होईल ते सांगायला नको.

बाऊलला जिथून श्वास मिळतो त्या नळीवरही तोच बूस्ट आला पाहिजे जो कार्बोरेटरच्या तोंडावर आहे. नाहीतर तोंडावरचा दाब जेटमधलं पेट्रोल उलटं खाली ढकलेल. कार्बोरेटरवर अ‍ॅल्युमिनियमची बंद टोपी बसवा आणि ती नळी टोपीच्या आत घ्या. बाहेर जाणाऱ्या बाकीच्या वाटा बंद करा. थ्रॉटलच्या दांड्याला दोन्ही टोकांना फट असते, त्यातून बूस्टखाली पेट्रोलची धूळ बाहेर उडते, आणि शेजारी लालबुंद मॅनिफोल्ड असू शकतो. दांडा ढिला असेल तर बुश बदलून ओ-रिंग टाका. फ्लोट पोकळ असेल तर दाबाने पिचतो, तो तपासा. पूर्ण टोपी-कार्बोरेटर बाकावर घ्या, सायकलच्या पंपाने अर्धा बार हवा भरा, साबणाचं पाणी लावा. बुडबुडा दिसला तर तो पेट्रोलचा फवारा समजा. हे काम झाल्याशिवाय इंजिनावर चढवू नका. शेडमध्ये एबीसी पावडरचा अग्निशामक आधी आणा, टर्बो नंतर. दार उघडं ठेवून काम करा, वेल्डिंग आणि पेट्रोल एका दिवशी नको.

आता ठिणगी. दाब वाढला की मिश्रण लवकर पेटतं, म्हणून टायमिंग मागे घ्यावं लागतं. जुना अंदाज असा की एक पीएसआय बूस्टला एक अंश. ०.३ बार म्हणजे ४.४ पीएसआयच्या आसपास, तर चार-पाच अंश. तुमच्या डेल्कोला वजनाचा अ‍ॅडव्हान्स आणि व्हॅक्यूमचा अ‍ॅडव्हान्स (ठिणगी पुढे घेणारी सोय) आहे, बूस्टचा रिटार्ड (ठिणगी मागे घेणारी सोय) नाही. घरगुती मार्ग म्हणजे मुळातच टायमिंग तेवढं मागे लावणं. खालच्या आरपीएमला गाडी थोडी मंद होईल, सुरुवातीला ते चालेल. व्हॅक्यूमची नळी काढून तिचं इनटेककडचं तोंड बंद करा, नाहीतर बूस्ट पडद्यावर उलटा बसेल; नुसती एक बाजूची झडप टाकली तर ती व्हॅक्यूम कोंडून ठेवते आणि बूस्टमध्येही ठिणगी पुढेच राहते. टायमिंग लाइटशिवाय, कानाने टायमिंग लावायची आपली सवय इथे नाही चालणार. प्लग एक पायरी थंड घ्या, गॅप ०.६ मिमीवर आणा, आणि कॉइल, प्लगच्या वायरी नव्या. दाबलेल्या हवेत ठिणगीला उडी मारायला जास्त जोर लागतो. ऑक्टेन ९५ किंवा त्यावरचं पेट्रोल भरा. इथेनॉलमुळे ई२० ला ऑक्टेन बरं मिळतं, ही एक गोष्ट मात्र आपल्या बाजूने आहे.

नॉकिंग (मिश्रण वेळेआधी आपोआप भडकून होणारी खटखट) ऐकू येईल याची वाट बघू नका. बूस्टमध्ये आवाज इतका असतो की खटखट बुडून जाते. लोडवर एक छोटी धाव झाली की इंजिन लगेच बंद करा, घरंगळत थांबा, प्लग काढा आणि भिंगातून पांढऱ्या चिनी मातीकडे बघा. स्वच्छ फिकट तपकिरी असेल तर ठीक. त्यावर मिरपूड भुरभुरावी तसे काळे ठिपके किंवा चमकणारे बारीक कण दिसले तर नॉकिंग सुरू आहे. ते चमकणारे कण म्हणजे पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम. त्या दिवशी पुढची धाव नाही, आधी टायमिंग आणखी मागे, जेट आणखी मोठा.

सोलापूरच्या उन्हाचं वेगळं सांगतो, कारण पुण्यातल्या मित्राचं सेटिंग इथे चालत नाही. मे महिन्यात बाहेरच त्रेचाळीस-चव्वेचाळीस. ४५ अंशांची हवा ०.३ बारला दाबली आणि टर्बो ६५ टक्के कार्यक्षमतेने चालला तर ती ८४ अंशांवर जाते. बॉनेटमधली साठ अंशांची हवा ओढत असाल तर शंभर. म्हणून हवेचा पाईप रेडिएटरच्या पुढून, बाहेरची हवा घेईल असा काढा, आणि इंटरकूलर लावाच. छोटा, डिझेल गाडीचा, भंगारातला चालतो, फक्त आतून केरोसीनने दोन-तीनदा धुवून वाळवा, कारण त्यात जुन्या टर्बोचं ऑइल असतंच. गाडी बंद केल्यावर कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळतं आणि पुन्हा सुरू करताना त्रास होतो. रेनॉ ५ ला थंड युरोपात हा त्रास होता, इथे तर होणारच. टर्बो आणि कार्बोरेटरमध्ये पत्र्याचा आडोसा आणि टाकीकडे परत जाणारी लाइन, एवढ्याने बराच फरक पडतो. जमलं तर पहिली चाचणी दिवाळीनंतर घ्या. जूनच्या आधी नकोच.

टर्बोची निवड. १.३ च्या ७५ पीएसवाल्या डिझेल स्विफ्टचा टर्बो साध्या वेस्टगेटचा (बूस्ट ठरला तेवढा झाला की जास्तीचा एक्झॉस्ट बाजूने सोडणारी झडप) आहे, तो चालू शकतो. ९० पीएसच्या इंजिनांवरचा, फिरत्या पाकळ्यांचा टर्बो घेऊ नका. पेट्रोलच्या एक्झॉस्टची उष्णता त्या पाकळ्यांना आणि त्यांच्या यंत्रणेला झेपत नाही. डिझेलचा एक्झॉस्ट साडेसातशे-आठशे अंशांचा, पेट्रोलचा पूर्ण लोडवर नऊशेच्या पुढे. साधा टर्बोसुद्धा त्या उष्णतेसाठी बनवलेला नाही, म्हणून बूस्ट थोडा आणि थोडाच वेळ. तुमच्या इंजिनाला लागणारी हवा त्या डिझेलच्या निम्म्याच्या आसपास, त्यामुळे टर्बो जागा व्हायला जरा वेळ घेईल. ते बरंच आहे.

भंगारवाल्याकडे दांडा नटाच्या टोकाला दोन बोटांत धरा. आडवा किंचित हलला तर घाबरू नका, ऑइलची फिल्म नसताना तो हलतोच. हलवताना पंख्याची पाती भांड्याला टेकली तर टर्बो तिथेच ठेवा. मग दांडा पुढे-मागे ओढा. तिथे हाताला जाणवेल असा खेळ असेल तर थ्रस्ट बेअरिंग गेलंय. पात्यांच्या कडांना नखाने चाचपडा, खड्डे असतील तर त्याने एकदा काहीतरी गिळलं आहे. वेस्टगेटचा हात मोकळा फिरतो का बघा. आणि हे नीट समजून घ्या: डिझेलच्या वेस्टगेटची स्प्रिंग एक बार किंवा जास्त दाबावर उघडणारी असते. बूस्ट कंट्रोलरने बूस्ट वाढवता येतो, स्प्रिंगच्या आकड्याखाली आणता येत नाही. म्हणून ०.३ बारला उघडणारा नरम अ‍ॅक्चुएटर (वेस्टगेटचा हात ढकलणारा स्प्रिंगचा डबा) घालायलाच लागेल. तो न बदलता गाडी सुरू करणाऱ्याला मी कुठलाच सल्ला देत नाही.

मॅनिफोल्डला काळा सी क्लास पाईप आणि जाड बेंड. गॅल्व्हनाइज्ड पाईप वेल्ड करू नका, जस्ताचा धूर विषारी असतो. फ्लँज दहा-बारा मिमीचा, आणि वेल्डिंगनंतर तो वाकतोच, म्हणून टर्नरकडून परत फेस करून घ्या. लूमचे पार्ट बनवणारे टर्नर आपल्याकडे कमी नाहीत, त्यांना हे काम सांगायला एक वाक्य पुरतं. टर्बोचं वजन नुसत्या मॅनिफोल्डवर टांगू नका, इंजिनाच्या ब्लॉकवरून एक टेकू द्या.

ऑइलची लाइन प्रेशर स्विचच्या जागी टी टाकून काढा. परतीची लाइन जाड, किमान पंधरा-सोळा मिमीची, कुठेही वर न चढता सरळ उतारावर चेंबरमध्ये, आणि चेंबरमधल्या ऑइलच्या पातळीच्या वर. टर्बोतून ऑइल फेस होऊन बाहेर पडतं आणि नुसत्या वजनाने खाली येतं, त्याला कुणी ढकलत नाही. परतीची वाट चिंचोळी झाली की ऑइल सीलमधून बाहेर येतं आणि लोक म्हणतात टर्बो खराब. टाकीच्या वायूची आणि क्रँककेसची जी नळी इनटेकला जाते, त्यात एक बाजूची झडप पाहिजे. नाहीतर बूस्ट चेंबरमध्ये शिरेल आणि क्रँकचं सील फेकेल. ब्रेकला बूस्टर असेल तर त्याच्या नळीतली झडपही नवी घ्या. ब्रेकवर तडजोड नको.

पहिल्यांदा सुरू करताना प्लग काढा, पेट्रोलचा पंप बंद ठेवा आणि स्टार्टरने फिरवत राहा, टर्बोच्या परतीच्या नळीतून ऑइल येताना दिसेपर्यंत. मग वेस्टगेट तारेने उघडा बांधून गाडी बूस्टशिवाय काही दिवस चालवा. गळती, पाणी, ऑइल, रिकाम्या चालीचं मिश्रण सगळं तेव्हाच निस्तरा. त्यानंतरच वेस्टगेट सोडायचा. वाइडबँडचा सेन्सर टर्बोनंतरच्या, सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाईपमध्ये बसवा. त्या मीटरकडे बघायला शेजारी दुसरा माणूस बसवा, चालवणाऱ्याने समोर बघायचं. बूस्टमध्ये आकडा १२.५ च्या वर गेला की त्याने ओरडायचं आणि तुम्ही पाय उचलायचा. लोडवर चालवून आल्यावर मिनिटभर रिकाम्या चालीला ठेवून मग बंद करा, नाहीतर बेअरिंगमध्ये ऑइल जळून कोळसा होतो.

या सगळ्याआधी एक काम आहे, आणि ते उद्या सकाळीही करता येईल. इंजिन गरम करून, तिन्ही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन मोजा. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. ऑइल टाकल्यावर आकडा चढला तर रिंगा गेल्यात, न चढता कमीच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग. तिन्हींत एका किलोपेक्षा (प्रति चौरस सेंटीमीटर) जास्त फरक असेल तर टर्बो बाजूला ठेवा, आधी इंजिन उघडा. तीन आकडे, गाडीचं रेडिएटर कधी साफ केलंय आणि प्लगचा रंग एवढं कळवा. मग दुसऱ्या बॅरलचा कुठला जेट पहिल्यांदा घालायचा ते ठरवू.